बाजूने मतं किती, मतांमागे माणसं किती: सिनेटच्या मतनोंदींवरचं काम

२ सप्टेंबर २०२५

काम थोडक्यात असं: अमेरिकी सिनेटमध्ये नावानिशी नोंदवलेलं प्रत्येक मतदान घ्यायचं, प्रत्येक सिनेटरपुढे त्याच्या राज्याची लोकसंख्या मांडायची आणि ठरावाच्या बाजूने किती माणसांचे प्रतिनिधी उभे राहिले, विरोधात किती, ते काढायचं.

सिनेट निवडण्याचं कारण सरळ आहे. मतदारसंघ नकळत लहानमोठे होत गेले, असा प्रकार इथे नाही. १७८७ च्या घटना परिषदेत लहान राज्यं अडून बसली, तेव्हा तडजोड झाली: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला दोन. १७९० च्या पहिल्या जनगणनेत व्हर्जिनिया ७,४७,६१० आणि डेलावेअर ५९,०९६, म्हणजे साडेबारा पटींहून थोडा जास्त फरक. २०२० मध्ये कॅलिफोर्निया ३,९५,३८,२२३ आणि वायोमिंग ५,७६,८५१, म्हणजे साडेअडुसष्ट पट. तडजोड तीच, अंतर पाचपटीने वाढलं. आणि घटनेचं पाचवं कलम सांगतं की कुठल्याही राज्याचं सिनेटमधलं समान मत त्याच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही. त्यामुळे ‘हे बदलायला हवं का’ या वादात मी शिरणार नाही. मोजता किती नीट येतं, एवढंच बघायचं आहे.

५ सप्टेंबर

मतनोंदी ‘व्होटव्ह्यू’च्या संचातून घेतल्या. त्यात मत आकड्यांत येतं: १ ते ३ बाजूने, ४ ते ६ विरोधात, ७ आणि ८ नुसतं ‘हजर’, ९ गैरहजर. राज्यांचे क्रमांक मात्र जनगणनेच्या क्रमांकांशी जुळत नाहीत. कॅलिफोर्निया एकीकडे ७१, दुसरीकडे ६. शेवटी दोन अक्षरी संक्षेपावरून जोडणी केली. सदस्यांच्या यादीत राष्ट्राध्यक्षही एक ओळ अडवून बसलेले असतात. त्यांना आधी बाहेर काढावं लागतं, नाहीतर ज्याच्यामागे कुठल्याच राज्याची लोकसंख्या (म्हणजे मताचा भार) नाही असा एक माणूस प्रत्येक बेरजेत डोकावतो.

पडताळणीसाठी एकच कसोटी ठेवली. पन्नास राज्यांची बेरीज ३३,०७,५९,७३६ आलीच पाहिजे. ती आली.

देशाची एकूण लोकसंख्या याहून ६,८९,५४५ ने जास्त आहे. ती राजधानीची, म्हणजे डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाची. वायोमिंग आणि व्हरमाँट दोन्हींपेक्षा तिथे माणसं जास्त, पण सिनेटर एकही नाही. प्वेर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं बेट तर लोकसंख्येने २१ राज्यांपेक्षा मोठं आहे आणि तिथेही तेच. भाजकात ही माणसं धरावीत का? धरली तर दोन्ही बाजूंची टक्केवारी मिळून शंभर होणार नाही. सध्या पन्नास राज्यंच धरतो आणि तक्त्याच्या माथ्यावर तसं लिहितो.

९ सप्टेंबर

सिनेटरला राज्याची पूर्ण लोकसंख्या द्यायची की अर्धी, यावर मी विनाकारण बराच विचार करत होतो. सगळ्यांना पूर्ण दिली तर सगळंच दुप्पट होतं, गुणोत्तर तेच राहतं. अर्धी ठेवली, म्हणजे बेरीज खऱ्या लोकसंख्येइतकी दिसते.

मग टोकाची गणितं करून पाहिली, कारण या विषयावरच्या चर्चेत तीच सर्वांत जास्त फिरतात. सर्वांत लहान २५ राज्यांचे ५० सिनेटर आणि बरोबरी फोडायला उपाध्यक्ष: एवढ्यांच्या मागे १६.२ टक्के लोक. चर्चा थांबवून ठराव मताला टाकायला साठ मतं लागतात, म्हणजे तो अडवून ठेवायला ४१ पुरतात. सर्वांत लहान राज्यांमधून ४१ जमवले तर १०.७ टक्के. उलट टोकाला, सर्वांत मोठ्या नऊ राज्यांत देशाचे ५१ टक्के लोक राहतात आणि त्यांच्या वाट्याला १८ सिनेटर येतात.

हे आकडे बरोबर आहेत आणि तरीही मला ते फारसे कामाचे वाटत नाहीत. त्या २५ राज्यांत वायोमिंग, आयडाहो, दोन्ही डकोटा आहेत, तशीच व्हरमाँट, ऱ्होड आयलंड, हवाई, डेलावेअरही आहेत. ही मंडळी वादाच्या ठरावावर एका बाजूला उभी राहिली असं होत नाही. लहान राज्यं बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. उरतो तो फरक किती, हेच तर मोजायचं आहे.

११ सप्टेंबर

पहिलं खरं मतदान: ६ ऑक्टोबर २०१८, ब्रेट कॅव्हनॉ यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक. ५० विरुद्ध ४८.

१९ राज्यांचे दोन्ही सिनेटर बाजूने. १८ राज्यांचे दोन्ही विरोधात. ११ राज्यांत एक इकडे, एक तिकडे. राहिली अलास्का आणि मोंटाना. मोंटानाचे स्टीव्ह डेन्स घरच्या लग्नामुळे येऊ शकले नाहीत. ते बाजूने मत देणार होते. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की विरोधात होत्या, पण त्यांनी नुसतं ‘हजर’ नोंदवलं, म्हणजे डेन्स नसल्याने निकालातलं अंतर बदलू नये. जुना सभ्य रिवाज आहे.

२०२० च्या जनगणनेचे आकडे लावल्यावर बाजूने १४.६० कोटी, विरोधात १८.३८ कोटी. पन्नास राज्यांच्या लोकसंख्येतला बाजूचा वाटा ४४.१ टक्के, प्रत्यक्ष मत देणाऱ्यांमागच्या लोकसंख्येत ४४.३. म्हणजे गैरहजर आणि ‘हजर’ यांचं काय करायचं, या प्रश्नाची किंमत इथे ०.२ टक्के निघाली. डेन्स आणि मर्कोव्स्की यांचे भार त्यांच्या जाहीर कलाप्रमाणे टाकले असते तरी उत्तर ४४ च्या आसपासच राहिलं असतं. यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही. नोंदीत जे आहे तेच घ्यायचं.

मला जास्त रस वाटला तो ११ दुभंगलेल्या राज्यांत. फ्लॉरिडा, पेनसिल्व्हेनिया, ओहायो वगैरे. त्यांत मिळून ८.१२ कोटी माणसं आहेत, देशाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. माझ्या हिशेबात ती निम्मी इकडे, निम्मी तिकडे जातात आणि अंतरावर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. सगळं अंतर उरलेल्या राज्यांमधून येतं.

१५ सप्टेंबर

ते अंतर ३.७८ कोटी. कॅलिफोर्निया ३.९५ कोटी. हे दिसल्यावर हात शिवशिवणारच. कॅलिफोर्निया वगळून चालवलं: बाजूने १४.६० कोटी, विरोधात १४.४३ कोटी. पारडं फिरलं!

असा आकडा हाती लागला की तो मिरवावासा वाटतो. पण त्याच न्यायाने टेक्सास वगळलं तर बाजूचा वाटा ३८.९ टक्क्यांवर येतो. कुणालाही वगळायची मुभा घेतली तर हवं ते उत्तर मिळतं. यातून एकच गोष्ट खरी कळते: फरक ‘लहान राज्यं विरुद्ध मोठी राज्यं’ असा पसरलेला नाही. तो मुख्यतः एका अतिमोठ्या राज्यातून येतो, कारण त्याचे जवळजवळ चार कोटी लोक दोन मतांत मावतात. टेक्सास दुसऱ्या बाजूला असल्यामुळे तो फरक आणखी वाढत नाही. उद्या टेक्सासचे सिनेटर बाजू बदलतील तेव्हा याच सूत्रातून फार वेगळे आकडे येतील, आणि सिनेटचे नियम तसूभरही बदललेले नसतील.

वगळून पाहण्याची सोय तक्त्यात ठेवणार नाही.

२४ सप्टेंबर

एका ओळखीच्याने सुचवलं: लोकसंख्या कशाला, त्या सिनेटरला पडलेली मतं घे. तोच खरा कौल. ऐकायला पटतं. करून पाहिलं आणि सोडून दिलं. कारणं लिहून ठेवतो, हा प्रश्न पुन्हा येणार.

कॅव्हनॉ यांच्या मतदानाच्या दिवशी सभागृहात असे तीन सिनेटर होते, ज्यांना त्या जागेसाठी अजून एकही मत पडलेलं नव्हतं. अ‍ॅरिझोनाचे जॉन काइल (मॅक्केन यांच्या निधनानंतर नेमलेले), मिसिसिपीच्या सिंडी हाइड-स्मिथ आणि मिनेसोटाच्या टिना स्मिथ. तिघेही राज्यपालांनी नेमलेले. पहिले दोघे बाजूने, तिसऱ्या विरोधात. त्यांचा भार शून्य धरायचा?

दुसरं, सिनेटच्या जागा तीन गटांत भरतात, दर दोन वर्षांनी एक गट. राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी मतदान भरपूर होतं, मधल्या वर्षी कमी. म्हणजे एकाच राज्याच्या दोन सिनेटरांचा भार, निवडून आलेलं वर्ष वेगळं म्हणून वेगळा.

तिसरं कॅलिफोर्निया, पुन्हा. तिथे प्राथमिक फेरीतले पहिले दोन उमेदवार, पक्ष कुठलाही असो, अंतिम फेरीत जातात. २०१६ मध्ये कमला हॅरिस यांच्यासमोर लोरेटा सँचेझ होत्या, २०१८ मध्ये डायॅन फाइनस्टाइन यांच्यासमोर केविन डे लिओन. चौघेही डेमोक्रॅट. त्या निवडणुकीत हरलेल्याची मतं कुणाच्या खात्यात टाकायची?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर याच्या जवळचा प्रश्न आलेला आहे, राज्यांच्या विधिमंडळांबाबत. २०१६ च्या इव्हनवेल खटल्यात टेक्सासच्या दोन मतदारांचं म्हणणं होतं की मतदारसंघ पात्र मतदारांच्या संख्येवर आखावेत, एकूण लोकसंख्येवर नाही. न्यायालयाने ते एकमताने फेटाळलं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांच्या निकालपत्राचा आशय असा की मत न देणाऱ्यांचंही, म्हणजे मुलांचंही, प्रतिनिधित्व होत असतंच. त्याआधी १९६४ च्या रेनॉल्ड्स निकालात सरन्यायाधीश वॉरन यांनी लिहिलंच होतं की लोकप्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या राज्य सिनेटमध्ये साठ लाखांच्या लॉस एंजेलिस परगण्याला एक जागा होती आणि साधारण चौदा हजारांच्या डोंगरी मतदारसंघालाही एकच. राज्यांच्या सभागृहांत ते बंद झालं. संघराज्याच्या सिनेटला तो निकाल लागू नाही, कारण तिथली असमानता घटनेतच लिहिलेली आहे.

तर लोकसंख्याच.

१ ऑक्टोबर

७ ऑगस्ट २०२२, महागाई कपात कायदा. ५० विरुद्ध ५०, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने मंजूर.

समसमान दिसणाऱ्या या मतदानात बाजूने १८.६९ कोटी, विरोधात १४.३९ कोटी. ५६.५ विरुद्ध ४३.५ टक्के. सभागृह बरोबरीत आणि मागची लोकसंख्या ४.३ कोटींनी असमान. कॅव्हनॉ मतदानात कमी लोकसंख्येची बाजू जिंकली, इथे जास्त लोकसंख्येची. दोन्ही वेळा तूट साधारण तेवढीच. १६ टक्क्यांची भीती आणि प्रत्यक्षातले ४३-४४ टक्के, या दोन्हींत बरंच अंतर आहे. दुसरा आकडाही काही किरकोळ नाही, पण बोलायचं तर त्याच्याबद्दल बोलावं.

उपाध्यक्षांच्या मताला भार किती? त्या साऱ्या देशातून निवडून येतात, म्हणून सगळी लोकसंख्या द्यावी, असं कुणी म्हणेल. मग दुसऱ्या बाजूचे लोक दोनदा मोजले जातील. शून्य भार दिला आणि ‘बरोबरी फोडली’ अशी वेगळी खूण.

६ ऑक्टोबर

१७ एप्रिल २०१३ च्या मतदानात एक गंमत. बंदूक खरेदीआधीच्या तपासणीची मँचिन-टूमी दुरुस्ती ५४ विरुद्ध ४६ अशी पडली, कारण साठ हवी होती. विरोधातल्या ४६ मध्ये बहुमताचे नेते हॅरी रीड आहेत. रीड दुरुस्तीच्या बाजूचे होते. पण फेरविचाराचा प्रस्ताव हरलेल्या बाजूने मत देणाऱ्यांच्या हाती राहत नाही, म्हणून पडणार हे दिसताच ते पलीकडे गेले. नेत्यांची ही नेहमीची खेळी. रीड यांच्या नेवाडाची अर्धी लोकसंख्या त्यामुळे माझ्या तक्त्यात विरोधात बसते. तशीच ठेवली. मनातला कल शोधत बसलो तर हा तक्ता राहणार नाही, माझं मत होईल.

१३ ऑक्टोबर

मताला भार देणारी पद्धत प्रत्यक्षात वापरणारं ठळक उदाहरण भारतातच आहे: राष्ट्रपतींची निवडणूक. घटनेच्या ५५ व्या कलमाप्रमाणे आमदाराच्या मताचं मूल्य म्हणजे राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेले आमदार, भागिले हजार. उत्तर प्रदेश २०८, महाराष्ट्र १७५, सिक्कीम ७. मी जे मतदानानंतर करतो आहे, ते इथे मतदानाआधीच केलेलं असतं.

पण लोकसंख्या १९७१ ची. ४२ व्या घटनादुरुस्तीने ती गोठवली आणि ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन कमी होऊ नये, हा हेतू. परिणाम असा: तमिळनाडूच्या आमदाराचं मत १७६, महाराष्ट्राचं १७५, बिहारचं १७३. जवळजवळ सारखी. २०११ चे आकडे तेच सूत्र वापरून घातले तर तमिळनाडू ३०८, महाराष्ट्र ३९०, बिहार ४२८, उत्तर प्रदेश ४९६.

सूत्र निर्दोष आहे, आणि तरी तक्ता पन्नास वर्षं मागचा देश दाखवतो. सिनेटच्या कामासाठी यातून घेण्यासारखं एवढंच की लोकसंख्येचं वर्ष प्रत्येक ओळीत दिसलं पाहिजे, तळटीपेत नको. तसा रकाना वाढवला. प्रत्येक मतदानाला सर्वांत जवळची जनगणना. मधल्या वर्षांसाठी अंदाज काढणार नाही.

१७ ऑक्टोबर

तुलनेसाठी प्रतिनिधी सभा घ्यावी का? जागा ४३५ वर गोठून जवळजवळ शतक झालं, तरी प्रत्येक जागेमागे सरासरी ७.६१ लाख लोक आहेत आणि मोठे अपवाद दोन टोकांनाच: डेलावेअरची एक जागा ९.९ लाखांची, मोंटानाच्या दोन जागा प्रत्येकी ५.४ लाखांच्या. मतं आणि लोकसंख्या इथे जवळजवळ एकच चित्र दाखवतात. वगळली.

युरोपीय संघाच्या परिषदेचा नियम मात्र नोंदवून ठेवतो, कारण तिथे दोन्ही मोजमापं एकदम लावतात: ५५ टक्के देश आणि त्यांच्यात ६५ टक्के लोकसंख्या. शिवाय अडवायला किमान चार देश हवेत, म्हणजे तीन मोठ्यांना संगनमत करून भिंत घालता येत नाही. माझ्या तक्त्यातले दोन रकाने तिथे कायद्यातच आहेत.

२७ ऑक्टोबर

दुभंगलेल्या राज्यांची संख्या काढली, या वेळी एका मतदानावरून नाही, पक्षावरून. म्हणून ती कॅव्हनॉ मतदानातल्या ११ शी जुळणार नाही. दोन सिनेटर दोन वेगळ्या गोटांतले, अशी राज्यं ऑक्टोबर २०१८ मध्ये १३ होती, ऑगस्ट २०२२ मध्ये ६, आता ३: मेन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन. म्हणजे दोन्हीकडे वाटली जाणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि अख्खीच्या अख्खी राज्यं एका बाजूला पडत आहेत.

यातच या मापाची मुख्य उणीव आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये टेक्सासात टेड क्रूझ अडीच टक्क्यांच्या आसपास अंतराने जिंकले. माझ्या तक्त्यात टेक्सासचे २.९१ कोटी लोक तरीही एकसंध मोजले जातात. म्हणून रकान्याचं नाव ‘पाठिंबा’ नाही, ‘मागे असलेली लोकसंख्या’. कुणी तो आकडा घेऊन ‘५६ टक्के जनतेला हे नको होतं’ असं लिहिलं तर ते चूक आहे. तो आकडा सभागृहाची रचना दाखवतो, लोकांचं मन नाही.

४ नोव्हेंबर

जुनी मतदानं घालायला घेतली आणि १० जून १९६४ ला अडलो. नागरी हक्क कायद्यावरची अडवणूक थांबवण्याचा ठराव, ७१ विरुद्ध २९. मिसिसिपीचे ईस्टलँड आणि स्टेनिस दोघेही विरोधात.

१९६० च्या जनगणनेत मिसिसिपी २१,७८,१४१. त्यातले ९ लाखांहून जास्त कृष्णवर्णीय, साधारण ४२ टक्के. त्या वेळी तिथल्या पात्र कृष्णवर्णीयांपैकी मतदार म्हणून नोंद होऊ शकलेले ६.७ टक्के. बाकीच्यांना मतदार नोंदणीच्या परीक्षा, मतदानासाठीचा कर आणि दहशत यांनी बाहेर ठेवलेलं. माझं सूत्र मात्र हे नऊ लाख लोक निमूटपणे ईस्टलँड आणि स्टेनिस यांच्या खात्यात टाकतं, म्हणजे त्यांच्याच हक्कांच्या कायद्याविरुद्ध. गणित बरोबर आहे. असा आकडा एकटा छापणं मात्र मला मान्य नाही.

पडलेल्या मतांचा रकाना सप्टेंबरात काढून टाकला तो सिनेटरचा भार म्हणून. भाजक म्हणून तो इथे लागतोच. १९६४ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत मिसिसिपीत सुमारे ४.०९ लाख मतं पडली, लोकसंख्येच्या एकोणीस टक्के. मॅसॅच्युसेट्समध्ये ५१ लाख लोकसंख्येत २३ लाखांहून जास्त, म्हणजे पंचेचाळीस टक्के.

६ नोव्हेंबर

ठरलं ते असं. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याआधीच्या प्रत्येक मतदानापुढे दोन आकडे शेजारी शेजारी छापायचे: राज्याची लोकसंख्या, आणि जवळच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत तिथे पडलेली एकूण मतं. दोन्हींची वेगवेगळी टक्केवारी, सरासरी नाही. १९६५ नंतर दुसरा रकाना ऐच्छिक. सुरुवात मार्च १९१५ मध्ये सुरू झालेल्या ६४ व्या काँग्रेसपासून, कारण सतरावी दुरुस्ती १९१३ ची आणि त्याआधी सिनेटर निवडत होती ती राज्यांची विधिमंडळं. १९२० पूर्वी बहुतेक राज्यांत स्त्रियांना मत नव्हतं. तिथे दुसरा रकाना पहिल्याच्या किती खाली येतो, ते आकडे भरायला घेतले आहेत. दक्षिणेतली राज्यं आधी.